मुकुंदवाडी : शहरात आलेले गाव, गावात न आलेले पाणी

जालना रस्ता, लोहमार्ग, औद्योगिक वसाहत आणि विमानतळ या चौकटीत वसलेली मुकुंदवाडी १९८२ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. तिच्याच अंगणात सिडकोने नवे शहर उभे केले. तरीही २०१९ मध्ये येथील मुलांना पाण्यासाठी रेल्वेने प्रवास करावा लागला. असे का घडले, याचा हा मागोवा.

जुलै २०१९. पावसाळा सुरू होऊन महिना उलटला होता. पण मराठवाड्यावर ढग नुसतेच येऊन जात होते. मुकुंदवाडीच्या छोट्याशा रेल्वे स्थानकावर नऊ-दहा वर्षांची मुले कळशा, डबे आणि प्लॅस्टिकचे कॅन घेऊन पॅसेंजर गाडीची वाट पाहत उभी राहत. गाडीने सुमारे सात किलोमीटरवरील औरंगाबाद स्थानक गाठायचे, तेथील नळावर भांडी भरून घ्यायची आणि परतीच्या गाडीने घर गाठायचे, असा त्यांचा क्रम होता. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. 'रॉयटर्स' या वृत्तसंस्थेने या मुलांची छायाचित्रे आणि हकिकत प्रसिद्ध केली आणि मुकुंदवाडीचे नाव काही दिवस जगभरच्या वृत्तपत्रांतून झळकले.

त्या बातम्यांत मुकुंदवाडीचा उल्लेख खेडे म्हणून झाला. वाचणाऱ्याला ते खरेही वाटले असेल; कारण पाण्यासाठी मैलोन्‌मैल जावे लागते ते खेड्यातच, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात मुकुंदवाडी त्या वेळी खेडे नव्हते. महापालिकेच्या हद्दीत येऊन तिला छत्तीस वर्षे झाली होती. विमानतळ हाकेच्या अंतरावर होता, कारखाने रस्त्यापलीकडे होते आणि महाराष्ट्रातील सर्वांत अनुभवी नगररचना संस्थेने आखलेल्या वसाहती शेजारीच नांदत होत्या. मुले ज्या स्थानकावर पाणी भरत होती ते आणि त्यांचे घर, दोन्ही एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत होते. म्हणजेच हा प्रवास खेड्यातून शहराकडे नव्हता. तो शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे होता. मुकुंदवाडीची खरी कहाणी येथून सुरू होते.

(शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. त्याआधीच्या घटना सांगताना या लेखात औरंगाबाद हेच नाव ठेवले आहे.)

रस्ता आणि रूळ यांच्यामधले गाव

मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या प्रारंभी खडकी येथे वसवलेले शहर पुढे औरंगजेबाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. या शहराचा जुना पसारा खाम नदीच्या आसपास होता. मुकुंदवाडी त्यापासून पूर्वेला, जालन्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे छोटे शेतकरी गाव. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मनमाड ते हैदराबाद हा मीटर गेज मार्ग टाकण्याचे काम सुरू झाले, तेव्हा गावाच्या दक्षिणेकडून लोहमार्ग गेला. उत्तरेला रस्ता, दक्षिणेला रूळ आणि मधोमध गाव व त्याची शिवारे, असे चित्र तयार झाले. ते आजही बदललेले नाही. बदलली ती शिवारे.

बदलाचा वेग १९६० नंतर वाढला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि मराठवाड्याच्या औद्योगिकीकरणासाठी औरंगाबादची निवड झाली. आधी रेल्वे स्थानक परिसरात आणि मग चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत उभी राहिली. चिकलठाण्याची वसाहत जालना रस्त्याच्या उत्तरेला आणि मुकुंदवाडी दक्षिणेला. मध्ये फक्त रस्ता. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील गावे उजाड केली. ज्यांच्या विहिरी आटल्या, ज्यांची जनावरे बाजारात कवडीमोलाने गेली, त्यांतील अनेकांनी शहराची वाट धरली. १९८५ मध्ये शहराच्या पश्चिमेला वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या उद्योगांची रांग लागली.

जनगणनेचे आकडे या स्थलांतराचा हिशेब देतात. १९७१ मध्ये औरंगाबादची लोकसंख्या दीड लाखाच्या घरात होती. १९९१ मध्ये ती पावणेसहा लाखांजवळ, २००१ मध्ये पावणेनऊ लाखांजवळ आणि २०११ मध्ये पावणेबारा लाखांवर गेली. चाळीस वर्षांत जवळपास आठपट. या माणसांना राहायला जागा हवी होती. कामाच्या जवळ आणि परवडेल अशी. मुकुंदवाडी या दोन्ही कसोट्यांना उतरत होती.

एक वस्ती, तीन कायदे

मुकुंदवाडीत पायी हिंडले तर अर्ध्या तासात तीन वेगवेगळी शहरे ओलांडल्यासारखे वाटते. घरांची ठेवण बदलते, रस्त्यांची रुंदी बदलते, गटारे दिसतात आणि नाहीशी होतात. या फरकामागे सौंदर्यदृष्टीचा किंवा रहिवाशांच्या शिस्तीचा प्रश्न नाही. जमिनीच्या तीन वेगवेगळ्या कागदांनी तो निर्माण केला आहे.

पहिले शहर म्हणजे गावठाण. महसुली नोंदीनुसार गावाच्या मूळ घरांची जागा. येथे प्लॉट आखलेले नसतात. वाडे, भाऊबंदांच्या वाटण्या आणि बैलगाडी जाईल एवढ्या गल्ल्या यांतून वस्ती घडलेली असते. शेतजमिनीला असतो तसा सात-बारा गावठाणातील घराला नसतो. ग्रामपंचायतीच्या काळातील घरपट्टीची नोंद, पुढे नगर भूमापन झाले असेल तर मालमत्ता पत्रक, हेच मालकीचे आधार. पिढ्यान्‌पिढ्या घर आहे, पण हातात नेमका कागद नाही, अशी स्थिती गावठाणात सर्रास आढळते.

दुसरे शहर सिडकोचे. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेले शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ नवी मुंबईसाठी ओळखले जाते. परंतु त्याच दशकात त्याच्याकडे नव्या औरंगाबादची जबाबदारीही आली. जुन्या शहराच्या पूर्वेकडील गावांच्या जमिनी संपादित करून एन-१ ते एन-१३ अशा क्रमांकांच्या वसाहती आखल्या गेल्या. एन-२, एन-३, एन-४ हा भाग जालना रस्त्याच्या दक्षिणेला, मुकुंदवाडीला खेटून आहे. आजही एन-२ मधील पत्त्यांत 'मुकुंदवाडी' लिहिले जाते. येथे आधी नकाशा झाला आणि मग घरे झाली. अत्यल्प, अल्प, मध्यम आणि उच्च उत्पन्न गटांसाठी वेगवेगळ्या आकारांची घरे. शाळा, मैदान, बाजार यांसाठी राखीव जागा. जमिनीखालून जलवाहिनी आणि मलवाहिनी. जमीन मालकीची नसून भाडेपट्ट्याची, हा रहिवाशांचा जुना सल. पण नळ होता, रस्ता होता आणि कागद होता. २००६ मध्ये या वसाहती महापालिकेकडे हस्तांतरित झाल्या.

तिसरे शहर गुंठेवारीचे. ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी; कारण मुकुंदवाडीच काय, छत्रपती संभाजीनगरच्या अनेक वस्त्यांचे मूळ तिच्यात आहे. शेतकऱ्याने आपली जमीन गुंठ्या-गुंठ्याने विकायची. घेणाऱ्याने वीस बाय तीस फुटांचा, म्हणजे सहाशे चौरस फुटांचा तुकडा घ्यायचा. व्यवहार बहुधा मुद्रांक कागदावर. येथील बोलीत 'बाँडवर'. शेतजमिनीचे असे लहान तुकडे करण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे निर्बंध होते. अकृषिक परवानगी नाही, रेखांकनाला मंजुरी नाही, म्हणून बांधकाम परवानाही नाही. तरीही घरे झाली. कारण सिडकोच्या घरासाठी पगाराचा दाखला आणि हप्ते भरण्याची ऐपत लागत होती आणि रोजंदारीवरच्या कामगाराकडे ते दोन्ही नव्हते. शेतकऱ्यालाही घाई होती. आज ना उद्या जमीन संपादनात जाईल आणि मोबदला हाती कधी पडेल याचा भरवसा नाही, तर ती आधीच विकलेली बरी, असा त्याचा हिशेब असे.

मुकुंदवाडीच्या आजूबाजूला, विशेषतः रेल्वेमार्गालगत, अशा वस्त्या गेल्या चार-पाच दशकांत एकेक घराने वाढत गेल्या. संपूर्ण शहरात गुंठेवारी वसाहतींची संख्या शंभरावर आहे. राज्य सरकारने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामे शुल्क भरून नियमित करून घेण्याची त्यात सोय होती. पुढे २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवण्यात आली. मात्र घर नियमित होणे आणि घरात पाणी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कागदावर होते. दुसरीसाठी रस्ता खोदावा लागतो. आणि गल्ली जर दहा फुटांची असेल, तर खोदायचे कोठे आणि मलवाहिनीपासून जलवाहिनी दूर ठेवायची कशी, हा अभियंत्यापुढचा खरा प्रश्न असतो.

अठरा खेड्यांपैकी एक

८ डिसेंबर १९८२ रोजी औरंगाबाद नगरपालिकेची महानगरपालिका झाली. भोवतालची अठरा खेडी तिच्या हद्दीत घेण्यात आली. मुकुंदवाडी त्यांपैकी एक. हद्दवाढीने सर्वांत आधी बदलतो तो कर. ग्रामपंचायतीची घरपट्टी जाऊन महापालिकेचा मालमत्ता कर येतो. मग बांधकामाचे नियम येतात, मग विकास आराखडा येतो आणि त्यात आपल्या घरावरून रस्त्याची रेघ गेली आहे, हे कधी कधी फार उशिरा कळते. सेवा येतात त्या सर्वांत शेवटी.

मुकुंदवाडीच्या वाट्याला आणखी एक विचित्र परिस्थिती आली. महापालिका होती जुन्या शहराची. शेजारच्या नव्या वसाहतींचे नियोजन सिडकोकडे होते. १९८२ ते २००६ ही चोवीस वर्षे एकाच परिसरात दोन यंत्रणा होत्या. सिडकोने आपल्या नकाशापुरते पाहिले. महापालिकेचे बहुतेक बळ जुन्या शहरात खर्ची पडले. गावठाण आणि गुंठेवारी या दोन्ही नकाशांच्या कडेला राहिली. नागरी सुविधांच्या बाबतीत कडेला राहणे म्हणजे काय, ते पाण्याच्या वाटेवरून चालत गेल्यास उमगते.

पैठणहून निघालेले पाणी

मलिक अंबरच्या काळातील नहर-ए-अंबरी हे जमिनीखालील नळांचे जाळे उताराचा उपयोग करून शहरात पाणी खेळवत असे. आजच्या शहराचे पाणी मात्र चढावरून येते. गोदावरीवर पैठण येथे उभारलेल्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. १०० टीएमसीहून अधिक एकूण साठवण असलेला हा नाथसागर शहरापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे आणि त्याची पूर्ण भरल्यावरची पातळीही शहराच्या सरासरी उंचीपेक्षा शंभर मीटरने खाली आहे. त्यामुळे पाण्याचा प्रत्येक थेंब विजेच्या बळावर वर चढवावा लागतो. ढोरकीन येथे पुन्हा उपसा, फारोळ्याला शुद्धीकरण, मग नक्षत्रवाडीच्या टेकडीवरील जलकुंभ आणि तेथून शहरभरच्या उंच टाक्या, असा हा प्रवास आहे.

या प्रवासाचा भार दीर्घकाळ दोन जलवाहिन्यांवर होता. पहिली ७०० मिलिमीटर व्यासाची, १९७० च्या दशकातील. दुसरी १,४०० मिलिमीटरची, १९९० च्या दशकातील. दोन्ही टाकल्या तेव्हाचे शहर आणि आजचे शहर यांत कितीतरी पटींचा फरक आहे. वाहिन्या जुन्या झाल्याने फुटतात. पैठणला वीज तासभर गेली तरी शहरातील वेळापत्रक एका दिवसाने पुढे ढकलले जाते. धरणात पाणी आहे, पण नळाला नाही, हे या शहराचे दुखणे त्यातून जन्मले. गेल्या दशकात शहराच्या बहुतेक भागांना पाच-सहा दिवसांआड, तर उन्हाळ्यात कधी आठ-दहा दिवसांनी पाणी मिळाल्याची उदाहरणे आहेत.

पाणी रोज येत नाही, तेव्हा त्याचे वाटप समान राहत नाही. चोवीस तास दाब असलेल्या जाळ्यात पहिल्या आणि शेवटच्या घराला जवळजवळ सारखेच पाणी मिळते. पण पाच दिवसांनी तासभर झडप उघडली की प्रत्येक घर पाच दिवसांचे पाणी एका तासात साठवू पाहते. टाकीच्या जवळची घरे आधी भरतात. ज्यांच्याकडे जमिनीखालचा हौद आणि विजेचा पंप आहे, ते नळीतून पाणी ओढून घेतात. शेवटच्या टोकाला दाबच उरत नाही. शिवाय मधले पाच दिवस नळी रिकामी असते. फुटक्या जोडातून गटाराचे पाणी आत शिरते आणि पुढच्या वेळी पहिल्या काही बादल्या गढूळ येतात. सिडको भागाचा मोठा आधार असलेला जलकुंभ एन-५ मध्ये, जालना रस्त्याच्या उत्तरेला आहे. रेल्वेमार्गाजवळच्या ज्या गल्लीत मुळात नळीच पोहोचलेली नाही, तिला या वेळापत्रकाशीही काही देणे-घेणे नसते. तिचे वेळापत्रक टँकर ठरवतो.

गरिबाचे पाणी महाग का?

ज्या उन्हाळ्यात मुले रेल्वेने पाणी आणत होती, त्याच काळात पाच हजार लिटरच्या खासगी टँकरसाठी तीन हजार रुपयांपर्यंत मोजावे लागत असल्याचे 'रॉयटर्स'च्या वृत्तान्तात म्हटले होते. हा दर लिटरमागे साठ पैसे होतो. त्या वेळी महापालिकेच्या घरगुती नळजोडणीची वार्षिक पाणीपट्टी होती ४,०५० रुपये. म्हणजे एका टँकरची किंमत नळ असलेल्या घराच्या वर्षभराच्या पाणीपट्टीच्या जवळपास तीन चतुर्थांश. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण मानले जाते. त्या हिशेबाने पाच जणांच्या कुटुंबाला तो टँकर जेमतेम आठवडाभर पुरला असता. पुढे २०२२ मध्ये पाण्याच्या टंचाईवरून शहरात असंतोष उसळल्यानंतर पाणीपट्टी निम्मी, म्हणजे २,०२५ रुपये करण्यात आली. निर्णय स्वागतार्ह होता; परंतु त्याचा लाभ ज्यांच्याकडे नळ आहे त्यांनाच झाला.

नळ नसलेल्या कुटुंबाचा खर्च केवळ पैशांत मोजता येत नाही. टँकर कधी येईल ते नक्की नसते, म्हणून घरातील एकाला थांबावे लागते. बहुधा बाईला, नाहीतर शाळेत जाणाऱ्या मुलीला. कामावर गेले नाही तर दिवसाची मजुरी बुडते. दोनशे लिटरचे निळे ड्रम दारासमोर मांडलेले असतात आणि त्यातच आठवडा काढायचा असतो. साठवलेल्या पाण्यात डास होतात, मग डेंगीची साथ आली की साठवण करू नका, असे सांगणारी पथके येतात. साठवायचे नाही तर करायचे काय, याचे उत्तर त्यांच्यापाशी नसते.

२०१९ मधील मुलांचा रेल्वेप्रवास या हिशेबात ठेवून पाहिला तर त्याचा अर्थ लागतो. ती केवळ दुष्काळाची गोष्ट नव्हती. २०१८ चा पाऊस तुटपुंजा होता, ऑक्टोबर अखेरीस राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता आणि २०१९ च्या उन्हाळ्यात जायकवाडी मृत साठ्यात गेले होते, हे खरेच. पण त्याच दुष्काळात, त्याच धरणाच्या पाण्यावर, शहरातील इतर हजारो घरांचे नळ उशिरा का होईना चालू होते. दुष्काळाने फक्त कोणाच्या घरापर्यंत नळी पोहोचली आहे आणि कोणाच्या नाही, ते उघडे पाडले.

योजना आणि मुदती

नव्या जलवाहिनीची चर्चा शहरात दोन दशके चालू आहे. ७९२ कोटी रुपयांची 'समांतर जलवाहिनी' योजना खासगी सहभागातून राबवण्याचे ठरले. २०१४ मध्ये शहराच्या पाणीपुरवठ्याचा कारभार खासगी कंपनीकडे गेला आणि २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द केला. त्यानंतर २०१९ मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेला राज्य सरकारची मंजुरी मिळाली. डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झाले. अडीच हजार मिलिमीटर, म्हणजे तब्बल अडीच मीटर व्यासाची मुख्य वाहिनी हे तिचे वैशिष्ट्य. काम लांबत गेले तसा खर्च २,७४० कोटींवर पोहोचला. मधल्या काळासाठी ९०० मिलिमीटरची आणखी एक वाहिनी हाती घेण्यात आली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने कामावर लक्ष ठेवले, तरी ठरलेल्या मुदती एकामागून एक उलटल्या. २०२५ चा उन्हाळाही शहराने प्रामुख्याने जुन्या वाहिन्यांवरच काढला.

चर्चा होते ती अडीच मीटर व्यासाच्या वाहिनीची. कारण ती डोळ्यांना दिसते. मुकुंदवाडीच्या दृष्टीने मात्र निर्णायक आहे ती चार इंची नळी, जी शेवटच्या गल्लीत जाईल किंवा जाणार नाही. धरणातून दुप्पट पाणी आले आणि अंतर्गत जाळे अपुरे राहिले, तर ज्यांच्याकडे नळ आहे त्यांना ते दोन दिवसांआड मिळेल आणि ज्यांच्याकडे नाही त्यांचा टँकर तेवढाच राहील. योजना पूर्ण झाल्याचे समारंभ मुख्य वाहिनीवर होतात. तिचा खरा निकाल लागतो तो सर्वांत अरुंद बोळात.

मोजणार कोण?

आणि येथेच एक साधा प्रश्न उभा राहतो. मुकुंदवाडीतील नेमक्या किती घरांना नळ नाही? याचे उत्तर मिळवणे अवघड आहे. कारण प्रशासनाच्या दृष्टीने 'मुकुंदवाडी' नावाचे एकक कोठेच नाही. जनगणनेचे गट वेगळे, महापालिकेच्या प्रभागांच्या सीमा निवडणुकीगणिक बदलणाऱ्या, पोलीस ठाण्याची हद्द निराळी, पाण्याच्या झडपांचे विभाग आणखी निराळे. शिवाय एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपल्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकांचीच राजवट होती. गल्लीतल्या पाण्याची तक्रार घेऊन जायला नगरसेवकच नव्हता.

जगातील काही शहरांनी यावर उपाय शोधला आहे. कॅनडातील टोरंटो महापालिकेने आपल्या शहराचे निश्चित सीमा असलेले निवासी परिसर ठरवले आहेत. आधी ते १४० होते; लोकसंख्या वाढलेल्या काही परिसरांची फोड करून २०२२ मध्ये ते १५८ करण्यात आले. या सीमा जनगणनेच्या गटांशी जुळवलेल्या असतात आणि निवडणुकीबरोबर बदलत नाहीत. त्यामुळे एखाद्या परिसरात उत्पन्न, घरांची स्थिती, सोयी वीस वर्षांत सुधारल्या की खालावल्या, हे कोणालाही ताडून पाहता येते. तेथील प्रश्न वेगळे आहेत, पैसा वेगळा आहे. पण मोजणीला फार पैसा लागत नाही. ज्या परिसराची स्वतंत्र नोंद नसते, त्याची उणीव शहराच्या सरासरीत बुडून जाते. एन-३ मधील बंगला आणि रुळांकाठची खोली यांची सरासरी काढली, तर दोघांनाही बरे पाणी मिळते असेच कागदावर दिसेल.

रुंद रस्त्याची दुसरी बाजू

अलीकडे मुकुंदवाडी पुन्हा चर्चेत आली ती पाण्यामुळे नव्हे. जून २०२५ मध्ये जालना रस्त्यालगत झालेल्या एका खुनाच्या घटनेनंतर महापालिकेने येथे अतिक्रमणविरोधी मोहीम उघडली. रस्त्याकडेची दोनशेहून अधिक बांधकामे पाडण्यात आली. पुढे ही मोहीम शहराच्या इतर प्रमुख रस्त्यांवरही गेली. जालना रस्ता ही शहराची मुख्य रक्तवाहिनी आहे. विकास आराखड्यातील रुंदी तिला मिळायला हवी, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. पण या कारवाईने जुनाच प्रश्न नव्याने पुढे आणला. गावठाणातील घर आणि रस्त्यावरील अतिक्रमण यांतला फरक कोणत्या कागदावरून ठरवायचा? ज्यांच्या हाती चार दशकांत महापालिकेने मालमत्ता पत्रक पोहोचवलेच नाही, त्यांनी हक्क सिद्ध कशाने करायचा?

शहराची यंत्रणा मनात आणले तर किती वेगाने काम करू शकते, हे त्या दिवशी मुकुंदवाडीने पाहिले. यंत्रे आली, मनुष्यबळ आले, बंदोबस्त आला आणि संध्याकाळपर्यंत रस्त्याची कड बदलली. त्याच यंत्रणेला त्याच परिसरातील शेवटच्या गल्लीत नळी टाकायला एवढी वर्षे का लागतात, हा प्रश्न मग रहिवाशांना पडला तर त्यांना दोष देता येणार नाही.

पुढे काय पाहायचे?

शहरे वाढताना आसपासची गावे गिळतात, हे जगभर घडते. पुण्यात, नाशिकमध्ये, ठाण्यात अशी अनेक गावे शहराच्या पोटात गेली आहेत. प्रश्न गाव शहरात येण्याचा नाही. त्याच्या बदल्यात शहराने गावाला काय दिले, हा आहे. मुकुंदवाडीने जमीन दिली. त्यावर सिडकोच्या वसाहती उभ्या राहिल्या. तिने मनुष्यबळ दिले. त्यावर चिकलठाण्याचे कारखाने चालले. कर दिला, मते दिली. या व्यवहाराची दुसरी बाजू अद्याप अपुरी आहे.

नवी पाणी योजना ही बाजू पूर्ण करण्याची संधी आहे. त्यासाठी तीन गोष्टी तपासाव्या लागतील. गावठाणातील घरांना मालमत्ता पत्रके मिळाली का? नियमित झालेल्या गुंठेवारी घरांच्या गल्लीत जाळे टाकण्याचे काम यादीत आहे का आणि त्याची तारीख काय? आणि नळजोडणीचे शुल्क रोजंदारीवरच्या कुटुंबाला हप्त्याने भरता येईल का? या तिन्ही प्रश्नांना नवे धरण लागत नाही, नवा कायदा लागत नाही. लागते ती गल्लीनिहाय यादी आणि ती पूर्ण होईपर्यंत तिच्यामागे लागणारा माणूस.

२०१९ मध्ये रेल्वेने पाणी आणणारी मुले आता सोळा-सतरा वर्षांची झाली असतील. जगाने त्यांच्या हातातील कॅन पाहिले आणि मुकुंदवाडीला खेडे म्हटले. ती चूक नकाशापुरती होती. नळाच्या बाबतीत मात्र ती चूक ठरवण्याची जबाबदारी अजून शहराचीच आहे.